कुर्त्या राहू द्या, आधी तो हप्ता बघू

नाशिकहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. पती अंबडच्या कारखान्यात, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८ हजार. रात्री मुलगी झोपली की मोबाइल हातात येतो आणि कुर्ती, डबे, चपला असं महिन्याला नऊएक हजारांचं काहीबाही मागवलं जातं. तीन पार्सलं तर अजून फोडलेलीही नाहीत. ‘वस्तू कार्टमध्ये टाकून २४ तास थांबायचं, हा नियम खरंच लागू पडतो का?’ एवढाच प्रश्न.

पण शेवटी जाता जाता त्या लिहितात: ‘कार्डाचं बिल १ लाख ४० हजारांवर गेलंय, पण मिनिमम ७ हजार आम्ही दर महिन्याला वेळेवर भरतो. गेल्या दिवाळीत पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ता कार्डावर भरला, त्याच्या पॉइंटांवर कपबश्यांचा सेट आला. शिवाय २ लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही असं सासऱ्यांनी बजावलंय.’

ताई, २४ तासांचं नंतर. आधी त्या कपबश्या.

तुम्ही सगळा दोष कुर्त्यांना देताय, पण या कर्जाचा नारळ हप्त्याने फुटला. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. बिलावर बारीक अक्षरांत दिलेलं असतं, बघा. १ लाख ४० हजारांवर ४,९०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,८०० धरा. तुम्ही भरता ७ हजार. मुद्दल फिटतं जेमतेम १,२०० आणि त्याच महिन्यात नऊ हजारांची नवी भर पडते. दहा महिन्यांत ६० हजारांचे १ लाख ४० हजार झाले ते असे. मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि वसुलीचा फोन येत नाही, इतकंच. त्यातून बाकी मागे राहिली की बिनव्याजी मुदतही जाते. रात्री साडेअकराला घेतलेल्या ७९९ च्या कुर्तीवर त्या दिवसापासूनच व्याज सुरू.

आणि हे सगळं कशासाठी? तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा कागद वाचला. ६० हजारांचे १२ हप्ते, म्हणजे ७ लाख २० हजार. विसाव्या वर्षी मिळणार साधारण साडेचौदा लाख. पॉलिसी विकताना बँकेतल्या माणसाने ‘दुप्पट’ सांगितलं ते खोटं नाही. किती वर्षांत दुप्पट, ते सांगितलं नाही. सगळ्या हप्त्यांची सरासरी धरली तर साडेचौदा वर्षांत, म्हणजे वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांनी उसने घेऊन ५ टक्क्यांत गुंतवले आणि वर कपबश्या घेतल्या! विमा म्हणावा तर तो जेमतेम ६ लाखांचा. ७८ हजारांवर चालणाऱ्या घराला ते वर्षभरही पुरणार नाहीत.

एफडी मोडा. २ लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला साडेअकराशे मिळतात, कार्डाला ५,८०० जातात. मुदतीआधी मोडल्याने बँक व्याजात एखादा टक्का कापेल, म्हणजे वर्षाचे दोनेक हजार. ते पंधरा दिवसांत वसूल होतात. सासऱ्यांना हेच आकडे कागदावर मांडून दाखवा. कार्डाची आजची पूर्ण रक्कम विचारून एकदम भरा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही भरा, घाबरू नका. उरलेल्या ६० हजारांना हात नको. येत्या दिवाळीच्या हप्त्यासाठी तर नाहीच. मिनिममचे ७ हजार त्याच तारखेला आरडीत टाका, वीस महिन्यांत १ लाख ४० हजार परत उभे राहतील.

पॉलिसी आता सोडली तर काय हातात येईल आणि पेड-अप केली (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची करून चालू ठेवली) तर काय, हे दोन आकडे बँकेतून नको, विमा कंपनीकडून लेखी मागवा. दिवाळीआधी. ते मला पाठवा, मग ठरवू. भरलेल्या १ लाख २० हजारांतले काही, कदाचित बरेच, बुडतील. दहा हप्ते अजून भरायचे आहेत, तेही धरा.

आता तुमचा प्रश्न. २४ तासांचा नियम चालतो, पण वस्तू कार्टमध्ये ठेवून नाही. कार्ट म्हणजे ‘किंमत कमी झाली’ म्हणून दिवसातून दोनदा हाक मारायला दिलेला पत्ता. वहीत लिहा, तारीख टाकून. सगळ्या ॲपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढा, नोटिफिकेशन बंद करा. वेगळ्या खात्यात महिन्याला ३ हजार टाका आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. संपले की संपले. ‘फक्त २ शिल्लक’ ही पाटी वाचून घाई करू नका. खोटी घाई दाखवून विकणं हा प्रकार सरकारने २०२३ च्या नियमांत नाव घेऊन बंद केलाय, तरी पाट्या दिसतातच. महिन्याला नऊचे तीन झाले तरी मला पुरे; तुमच्याकडून शून्याची अपेक्षा मी करत नाही, माझ्याही घरात एक एअर फ्रायर आहे.

आणि ती तीन पार्सलं आज रात्रीच फोडा. परतीची मुदत बहुतेकदा सात-दहा दिवसांचीच असते.