जनसुनावणीची नोटीस आलीय, जाऊन काय बोलू?

प्रश्न : वकीलताई, आमच्या शेजारच्या साखर कारखान्याला रोजचं गाळप 3500 टनांवरून 7000 वर न्यायचंय, शिवाय मळीवर चालणारी डिस्टिलरी टाकायचीय. पेपरात पर्यावरणविषयक जनसुनावणीची जाहिरात आली. माझी विहीर ओढ्याला लागूनच आहे. गावात म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. कारखान्याचा पर्यावरण परिणाम अहवाल इंग्रजीत, चारशे पानी. जावं का?
– एक ऊस उत्पादक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, जा, पण रिकाम्या हातानं जाऊ नका. गाळप 5000 टनांवर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते. सुनावणीत मतदान होत नाही, त्यामुळे घोषणा देऊन घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार तिथे मांडलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना कारखान्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं आणि तज्ज्ञ समिती ते तपासते. तुमचा मुद्दा नोंदीत आला पाहिजे, बस्स.

चारशे पानं वाचत बसू नका. मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. जाहिरातीनंतर किमान 30 दिवस मिळतात ते त्यासाठीच. मोठ्या अहवालात एकच तक्ता शोधा: हवा-पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? पावसाळा सोडून एका हंगामाचा अभ्यास चालतो. आपल्याकडचं गाळप मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. नमुने मे महिन्यातले असले, तर धुराडं थंड असताना हवा मोजली की! माझ्या एका अशिलानं, सातवी शिकलेल्या बाईंनी, भर सुनावणीत एवढंच विचारलं होतं. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपनीच्या साहेबांनी आधी पाणी मागवलं.

आता तुमची विहीर. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं गडद सांडपाणी, निघतो. तो साठवायचा कुठे, तळाला अस्तर कसलं, ओढा किती लांब, शेवटी जाळणार की खतात घालणार, हे लेखी विचारा. विहिरीचं पाणी आताच प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो कागद अर्जाला जोडा. उद्या पाणी लाल झालं, तर 'पहिल्यापासून तसंच होतं' असं कुणाला म्हणता येऊ नये. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी हवा. तहसीलदारांवर भागवलं, तर तेही लिहून द्या. शेवटी कामकाजाची नोंद मराठीत वाचून दाखवावी लागते. जेवणाची वर्दी नेमकी तेव्हाच येते. उठू नका, आपला मुद्दा नीट उतरलाय का ते ऐका.

मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण पटवलं तर आणखी 60. गावात बातमी पोचेपर्यंत हे दिवस सरतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला 'परिवेश' हे केंद्राचं पर्यावरण मंजुऱ्यांचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडायला सांगा.