वाचकांचे प्रश्न : नगरपरिषदेचे नावीन्य कशात?

प्रश्न : मी विदर्भातील एका लहान नगरपरिषदेची सदस्य आहे. हवामान बदलासाठी काही तरी ‘नावीन्यपूर्ण’ करावे, असा आग्रह सभेत होतो आणि चर्चा शेवटी एखादे यंत्र विकत घेण्यावर येऊन थांबते. बेताच्या उत्पन्नाच्या संस्थेने नावीन्य कशात शोधावे?

उत्तर : यंत्राआधी अहमदाबादचा अनुभव पाहावा. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांना आढळले. त्यानंतर महापालिकेने २०१३ मध्ये जो उष्णता कृती आराखडा लागू केला, तो दक्षिण आशियातील पहिला मानला जातो. त्यात नवी यंत्रसामग्री फारशी नव्हती. हवामान खात्याच्या अंदाजाने ठरलेली मर्यादा ओलांडली, की एका नेमलेल्या अधिकाऱ्याने रुग्णालये, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा आणि इतर विभागांना कळवायचे आणि प्रत्येकाने आपापले काम सुरू करायचे, एवढीच त्याची मुख्य कल्पना. तोवर अंदाज येत होता, पण तो आल्यावर कोणी काय करायचे हे लिहिलेले नव्हते. मला खरे नावीन्य इथेच दिसते.

पुढे याच शहरात वस्त्यांमधील छपरांना चुन्याचा पांढरा हात देण्यात आला. दुपारी तापलेल्या पत्र्याखाली स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्या पांढऱ्या थराने मिळणारा दिलासा कोणत्याही सादरीकरणापेक्षा मोलाचा आहे. मात्र धूळ आणि पाऊस यांनी चुना उतरतो, म्हणून तो पुन्हा लावण्याची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात हवी.

अंदाजपत्रकातही नवे काही करता येते. नॉर्वेतील ओस्लो शहराने २०१७च्या अर्थसंकल्पापासून पैशांच्या हिशेबाबरोबर कर्बउत्सर्जनाचाही हिशेब मांडायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०२४ मध्ये आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल मांडला. तुमच्याकडे तेवढी यंत्रणा नसेल, तरी रस्ता, गटार, शाळेची इमारत अशा प्रत्येक कामाच्या प्रस्तावात ‘यामुळे उष्णता किंवा पाणी साचणे वाढेल की कमी होईल’ असा एक रकाना घालायला कोणाची हरकत नसावी. येत्या सभेत तो रकाना आणि उन्हाळ्यासाठी एका जबाबदार अधिकाऱ्याची नेमणूक, हे दोन ठराव मांडा.