वाचकांचे प्रश्न : सूर-संवाद

प्रश्न : ‘बीटल्स’च्या जॉन लेननने एका कॉन्सर्टमध्ये गाऊन जॉन सिंक्लेअर नावाच्या कार्यकर्त्याला तीन दिवसांत तुरुंगातून सोडवलं, असं ऐकलं. हे खरं आहे का? की असे कार्यक्रम कलाकारांच्या प्रसिद्धीसाठीच असतात? – एक वाचक, मिरज

उत्तर : तारखा खऱ्या आहेत. कॉन्सर्ट झाली १० डिसेंबर १९७१ला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बरच्या क्रिस्लर अरेनात. सिंक्लेअर सुटला १३ तारखेला. पण सगळं श्रेय त्या एका रात्रीला देणं मला पटत नाही.

सिंक्लेअर कवी, ‘एमसी५’ या रॉक बँडचा मॅनेजर आणि व्हाइट पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या लढ्याला साथ देणाऱ्या डाव्या गटाचा नेता. ओळख लपवून आलेल्या पोलिसांना त्याने गांजाच्या दोन सिगारेटी दिल्या, एवढाच गुन्हा. त्यासाठी जुलै १९६९मध्ये शिक्षा झाली साडेनऊ ते दहा वर्षांची! ती त्याच्या राजकारणाची शिक्षा होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेव्हापासून त्याची बायको लेनी, भाऊ डेव्हिड आणि वकील झगडत होते. कॉन्सर्टच्या आदल्याच दिवशी राज्याच्या विधिमंडळाने गांजाविषयीच्या शिक्षा कमी करणारं विधेयक मंजूर केलं होतं. त्यानंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि मार्च १९७२मध्ये शिक्षाच रद्द केली. ही वाट आधीच्या दोन वर्षांत खणली गेली होती.

मग कॉन्सर्टने काय केलं? तीन डॉलरचं तिकीट होतं. लेननचं नाव जाहीर झालं आणि तिकिटं हातोहात संपली. सुमारे पंधरा हजार लोक आले. स्टीव्ही वंडर, फिल ओक्स, बॉब सीगर गायले, कवी ॲलन गिन्सबर्ग आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टीचा नेता बॉबी सील बोलले. लेनन आणि त्याची बायको योको ओनो मंचावर आले तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. गाणी जेमतेम चार, त्यातलं एक सिंक्लेअरवरच रचलेलं. मला मात्र त्या रात्रीतला सर्वांत मोठा क्षण गाण्याचा वाटत नाही. सिंक्लेअरचा तुरुंगातून आलेला फोन ध्वनिक्षेपकावरून साऱ्या सभागृहाला ऐकवला गेला. कैदी क्रमांक म्हणून बंद केलेला माणूस पंधरा हजारांसमोर आपल्या बायकोशी बोलत होता. असा आवाज ऐकल्यावर ‘कायदा आपलं काम करतोय’ म्हणून गप्प बसणं कुणालाही जड जातं, न्यायाधीशांनासुद्धा.

आता प्रसिद्धीचं. लेननला तर त्या रात्रीची किंमतच मोजावी लागली. त्या गर्दीत एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे खबरे बसले होते. लेननच्या गाण्याचे शब्दसुद्धा सरकारी फायलीत उतरवले गेले. लेनन आणि त्याचे साथीदार राष्ट्राध्यक्ष निक्सनविरोधात देशभर दौरा काढतील, अशी धास्ती सरकारला होती. १९७२मध्ये ब्रिटिश नागरिक असलेल्या लेननला देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. कारण दाखवलं लंडनमधल्या १९६८च्या गांजाच्या जुन्या खटल्याचं! अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना मिळायला त्याला १९७६ साल उजाडलं.