घरी निवांत ऐकायला आणि प्रवासातही चालेल असा उत्तम हेडफोन कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज रात्री घरी दोनेक तास ख्याल आणि जुनं नाट्यसंगीत ऐकता, महिन्यातून दोनदा विमान आणि अधूनमधून रेल्वेचा प्रवास असतो, चष्मा आहे, आणि ६० हजारांपर्यंत खर्च करून दोन्हीकडे चालेल असा एकच हेडफोन हवा आहे.

माझं उत्तर: एक घेऊ नका, त्याच पैशांत दोन घ्या. घरासाठी तारेचा ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची असलेला. प्रवासासाठी बंद कपाचा, नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारा, वायरलेस. बजेट साधारण निम्मं-निम्मं धरा. किमती सेलप्रमाणे हलतात, त्यामुळे थोडी वाट बघायची तयारी ठेवा.

एकाच हेडफोनवर दोन्ही का भागत नाही, ते आधी सांगतो. ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा पुढे हलतो तेवढाच मागेही हलतो, म्हणजे आवाज दोन्ही बाजूंनी निघतो. ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज जाळीतून निघून जातो. बंद कपात तो आतल्या आत आपटून परत पडद्यावर येतो. फोम आणि फेल्ट लावून तो जिरवावा लागतो आणि पूर्ण कधीच जिरत नाही. म्हणून त्याच किमतीचा ओपन-बॅक जास्त मोकळा वाटतो, दोन तासांनीही कान शिणत नाहीत, कानाला घामही कमी येतो. पण तीच जाळी बाहेरचं सगळं आत येऊ देते आणि आतलं बाहेर. विमानात इंजिनाच्या घरघरीत तानपुरा बुडून जाईल, आणि शेजारच्या सीटवर तुमची बंदिश शब्दांसकट ऐकू येईल. नॉइज कॅन्सलिंग नीट चालायला कप बंदच हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि जास्त पैसे टाकून ते भांडण मिटत नाही.

आता घरचा हेडफोन. खरेदीआधी एक काम करा: रात्री ज्या खोलीत ऐकता तिथे पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. छताचा पंखा, खिडकीचा एसी, रस्त्यावरची वाहनं, शेजारच्या खोलीतला टीव्ही, यांतलं जे ऐकू येईल ते ओपन-बॅकमधूनही जवळजवळ तसंच ऐकू येणार आहे. पंखा दोनवर आणता येत असेल आणि खोलीत दुसरं कोणी झोपत नसेल, तर ओपन-बॅक बिनधास्त घ्या. तसं नसेल, तर घरासाठीही बंद कप बघा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा त्यातला वर्षानुवर्षं टिकलेला पर्याय आहे. तो ३२, ८० आणि २५० ओममध्ये मिळतो (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). फोनच्या डोंगलवर (फोनला तारेचा हेडफोन जोडणारा छोटा तुकडा) वाजवायचा असेल तर ३२ किंवा ८० ओमचा घ्या. त्याचा वरचा पट्टा जरा टोकदार आहे, 'स' आणि 'श' टोचतात, हे आधीच माहीत असू द्या.

ओपन-बॅकमध्ये तुमच्या संगीतासाठी मी सेनहायझर एचडी ६०० किंवा एचडी ६५० म्हणेन. ६०० बाजारात आला १९९७ साली आणि ६५० आला २००३ साली. दोन्ही अजून टिकून आहेत ते गळ्यामुळे. मानवी आवाज, सारंगी, हार्मोनियम ज्या मधल्या पट्ट्यात असतात तो पट्टा यांच्यात फार खरा येतो. वजन २६० ग्रॅमच्या आसपास. केबल, कुशन, डोक्यावरची गादी, सगळं वेगळं विकत मिळतं आणि पेचकस न लावता बदलता येतं. उणीव तळाशी आहे: ६० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. डग्ग्याची घसीट ऐकू येते, पण तिचं वजन थोडं कमी पडतं. ते खटकलं तर इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकत्र उचलणारी पट्टी) ४ डेसिबलनी वाढवा, आणि त्याच वेळी प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण पातळी, उणे ४ करा. हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात आणि मग तबल्याच्या जोरकस थापेवर आवाज फाटतो.

६०० की ६५०? नवी, स्वच्छ रेकॉर्डिंग जास्त ऐकत असाल तर ६००. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यसंगीत जास्त असेल तर ६५०, कारण त्याचा वरचा पट्टा किंचित मऊ आहे आणि सुईची खरखर कमी बोचते. 'साउंडस्टेज मोठा' (आवाज आजूबाजूला पसरल्याचा भास) या जाहिरातीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. ती जुनी रेकॉर्डिंग मोनो आहेत. डाव्या-उजव्या कानात एकच आवाज, त्यामुळे गायक डोक्याच्या बरोबर मधोमध बसणार, मग हेडफोन कितीही महाग असो.

तळ जास्त भरीव हवा असेल तर हायफायमॅन सुंदारा हा प्लॅनर हेडफोन बघा. त्यात कॉइलवाल्या कोनाऐवजी पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या असतात आणि तो चुंबकांमध्ये सगळाच्या सगळा हलतो, म्हणून खालचे स्वर खोलवर सरळ जातात. पण वजन ३७२ ग्रॅम आहे. मान दुखत असेल तर हा विचार सोडा.

ॲम्पबद्दल, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या यंत्राबद्दल, दुकानात सर्वात जास्त घाबरवलं जातं, म्हणून थोडा हिशेब करू. एचडी ६५० चा इम्पीडन्स, म्हणजे हाच अडथळा, ३०० ओम आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार तो १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. ॲपलचं साधं यूएसबी-सी डोंगल १ व्होल्टपर्यंत देतं. युरोपात विकलं जाणारं मॉडेल त्याच्या निम्मं देतं, तेव्हा परदेशातून मागवताना बघून मागवा. म्हणजे रेकॉर्डिंगमधलं सर्वात मोठं टोक १०३ डेसिबलला पोचतं. सरासरी पातळी टोकाच्या साधारण १५ ते २० डेसिबल खाली असते, म्हणजे ८३ ते ८८. रोज दोन तास ऐकायला हे पुरून उरतं. उलट कानांच्या काळजीने थोडं खालीच ठेवावं. तेव्हा आधी हेडफोन आणि डोंगल घ्या. तुमच्याकडचा सर्वात हळू रेकॉर्ड झालेला विलंबित ख्याल लावा. आवाज पूर्ण वाढवूनही आलाप लहान वाटला तरच ॲम्पचा खर्च करा. एक अडचण लक्षात ठेवा: काही अँड्रॉइड फोनवर हे डोंगल मुद्दाम दबक्या आवाजात वाजतं. तो दोष हेडफोनचा नाही, फोन डोंगलची आतली आवाजपातळी पूर्ण वर नेत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं ॲप ती पातळी स्वतः वर नेतं.

घरी जुना स्टिरिओ रिसीव्हर असेल तर त्याच्या हेडफोन जॅकला लगेच जोडू नका. अशा बऱ्याच यंत्रांत जॅकच्या वाटेवर शंभरहून जास्त ओमचा रेझिस्टर असतो. ३०० ओमच्या हेडफोनला त्याने फारसं बिघडत नाही, साधारण १ डेसिबलने तळ फुगतो. पण १६-३२ ओमच्या इअरफोनचा सूरच बदलून जातो. सोपा नियम: जॅकचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा.

प्रवासाचा हेडफोन निवडताना सुरांपेक्षा आधी बसणं बघा. नॉइज कॅन्सलिंग काय करतं ते कळलं की निवड सोपी होते. कपावरचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज पकडतात आणि ड्रायव्हर त्याच्या उलटी लाट सोडतो. हे खालच्या, सलग आवाजांवर चालतं: इंजिन, एसी, डब्याची घरघर. साधारण १ किलोहर्ट्झच्या वर त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो आणि तिथे फक्त कुशनची बंदिस्ती काम करते. म्हणून विमानात चमत्कार वाटतो, पण रडणारं मूल, चहावाल्याची हाक आणि रुळांच्या सांध्यावरचा खडखडाट येतच राहतो. ही अपेक्षा आधीच ठेवा, नाहीतर चांगला हेडफोन परत कराल.

चष्मा इथे खरा खोडा घालतो. काडी कुशन आणि कातडी यांच्यात फट पाडते. त्या फटीतून खालचे सूर निसटतात आणि कॅन्सलिंगही कमी पडतं. दुकानात स्वतःचा चष्मा घालून बघा. संगीत चालू असताना कप हलकेच तळहाताने दाबा. दाबल्यावर तळ एकदम वाढला तर बंदिस्ती नीट होत नाही. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ, जाड कुशन यांनी बराच फरक पडतो.

मॉडेलांपैकी सोनीची डब्ल्यूएच-१००० मालिका हलकी आहे, तिच्यातला एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅम. पण एक्सएम५ ची घडी होत नाही आणि ठेवायचा डबा मोठा होतो. एक्सएम४ ची होते आणि एक्सएम६ मध्ये घडी परत आली. सेनहायझर मोमेंटम ४ सोनीएवढा कॅन्सल करत नाही, पण कंपनी ६० तासांची बॅटरी सांगते आणि तो यूएसबी केबलवर थेट डिजिटल आवाज घेतो. सोनीच्या एक्सएम५ चं यूएसबी पोर्ट फक्त चार्जिंगसाठी आहे. तुमच्या वापराला मी मोमेंटम ४ कडे झुकेन, कारण हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपला जोडून तो घरच्या हेडफोनच्या जवळपास पोचतो. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमचा आहे आणि बॅटरी संपली की तारेनेही वाजत नाही. लांबच्या प्रवासात ही मोठी गैरसोय आहे.

कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवरून, फार डोकं पिकवू नका. आयफोन एएसी या कोडेकच्या पुढे जात नाही, मग हेडफोनवर काहीही लिहिलेलं असो. अँड्रॉइडवर एलडॅक हा कोडेक ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएस अशा तीन पायऱ्यांत चालतो. ९९० गर्दीच्या स्टेशनवर तुटतो, तेव्हा डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ६६० ठेवा. डब्यात बसून हा फरक कानाला कळणार नाही, तुटलेला आवाज मात्र लगेच कळेल. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच संगीत टेलिफोनसारखं का होतं, असा प्रश्न पडला तर कारण हे: हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या कमी दर्जाच्या मोडमध्ये जातं. माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज परत येईल.

खिडकीशी किंवा लोकलच्या दारात वारा मायक्रोफोनवर आदळून कॅन्सलिंग उलट फडफड वाढवतं. तिथे विंड मोड लावा किंवा कॅन्सलिंग बंद करा. प्लॅटफॉर्मवर आणि रस्ता ओलांडताना तर ते बंदच हवं. विमानाच्या सीटवरच्या स्क्रीनला बहुतेक वेळा ब्लूटूथ जोडता येत नाही, तेव्हा ३.५ मिमीची केबल जवळ ठेवा. हेडफोनमध्ये लिथियमची बॅटरी आहे, तो केबिन बॅगेतच ठेवा.

एकच घ्यायचा हट्ट असेल तर फोकल बाथिस हा सर्वात जवळचा पर्याय आहे: ३५० ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंग, आणि यूएसबीवर स्वतःचा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज बनवणारा भाग). पण तो तुमच्या बजेटच्या वर जातो, आणि घरी शेवटी बंद कपच राहतो.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी एक मोनो रेकॉर्डिंग लावा. गायक नाकाच्या रेषेत, बरोबर मध्ये हवा. एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. आवाजही बाजू बदलून सरकला तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत, परत करा. त्याच बाजूला राहिला तर कुशन नीट बसत नाही किंवा तुमच्या कानांत फरक आहे. नवा एचडी ६०० गालांवर घट्ट बसतो. दोन्ही बाजू पूर्ण खाली ओढून फक्त स्टीलच्या पट्ट्या हळूहळू बाहेर वाकवा, प्लॅस्टिकला हात लावू नका.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर वायरलेसचं नकली चामड्याचं कुशन दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागू शकतं. दमटपणा आणि घामाने पॉलियुरेथेनचा थर तुटतो. वापरल्यावर कोरड्या कापडाने पुसा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळा संपला की त्या बदला. एचडी ६०० च्या मखमली कुशनला हा त्रास नाही, पण ती दबून चपटी झाली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि सूर बदलतो. रोज दोन तास ऐकत असाल तर दीड-दोन वर्षांनी नवी जोडी घ्या.