गावी जाताना क्षयरोगाच्या गोळ्यांचे काय करावे?

“मॅडम, मधूनच गावाकडं गेलो तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो का?” पुण्यात मजुरीसाठी आलेले क्षयरुग्ण हा प्रश्न वारंवार विचारतात, अडचण एवढीच, की बहुतेक जण तो गावाहून परत आल्यावर विचारतात.

नांदेड जिल्ह्यातून आलेला, वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून सेंट्रिंगच्या कामाला जाणारा एक तरुण (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) पहिल्या 2 महिन्यांची चार औषधे संपवून पुढच्या 4 महिन्यांच्या तीन औषधांवर आला होता. खोकला थांबला, वजन वाढले, आणि सोयाबीनच्या काढणीसाठी तो कोणालाही न सांगता गावी गेला. तेथे जवळपास दोन आठवडे गोळ्या बंद राहिल्या. केसपेपरवर ‘बेफिकीर’ असा शेरा पडला, ज्यातून रुग्णाविषयी काहीच कळत नाही. निवांत बोलल्यावर समजले की, गोळ्यांची पाकिटे त्याच्या पिशवीतच होती. पण भावकीत कुणकुण लागली तर धाकट्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडेल, या धास्तीने त्याने ती बाहेर काढलीच नाहीत.

कोर्स पहिल्यापासून करावा लागला नाही. चुकलेले डोस मुदत वाढवून पूर्ण करून घेतले जातात. एका दिवशी दुप्पट गोळ्या मात्र कधीही घेऊ नयेत. खंड महिनाभर किंवा त्याहून अधिक पडला, तर पुन्हा तपासणी करून, जंतू औषधांना दाद देतात का हे पाहून डॉक्टर पुढचे ठरवतात. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील नोंद देशभर चालते, त्यामुळे आधी कळवल्यास उपचार गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्राकडे वर्ग होतात आणि गोळ्या तेथेही मोफत मिळतात. पोषणासाठी मिळणारे दरमहा 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500) बँक खात्यात जमा होत असल्याने गाव बदलले म्हणून तो हक्क संपत नाही.

दिवाळीला जाण्याआधी तो स्वतःहून आला. या वेळी त्याने वहिनीला विश्वासात घेतले होते आणि रोजची गोळी आठवणीने देण्याचे तिने कबूल केले होते. इतरांना त्या अशक्तपणाच्या गोळ्या म्हणूनच माहीत आहेत. पुण्यात त्याच्यासोबत खोलीत राहणाऱ्यांची तपासणी आधीच झाली होती आणि उपचार नियमित सुरू असताना संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. म्हणून भावकीला काय सांगायचे, हे मी त्याच्यावरच सोपवले.