एवढीशी पोर ज्युदो खेळेल का?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे, कोपरखैरण्याला ज्युदोच्या क्लासला जाते आणि अगदी आवडीने जाते. पण वर्गात उंचीने सगळ्यात लहान, त्यामुळे सासूबाई रोज म्हणतात, एवढीशी पोर, हातपाय मोडून घेईल. क्लासचे सर म्हणतात जपानची रियोको तानी पण अशीच बुटकी होती आणि तिने ऑलिंपिकची पाच मेडल्स मिळवली. खरंय का हे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, शंभर टक्के खरंय. रियोकोची उंची १४६ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूटसुद्धा नाही, आणि ४८ किलो गटात तिने १९९२ ते २००८ लागोपाठ पाच ऑलिंपिकमध्ये मेडल घेतलं, शिवाय सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन. जपानमध्ये तिला लग्नाआधीच्या तामुरा या नावानेही लहानथोर सगळे ओळखायचे, पुढे २०१० मध्ये ती तिथल्या संसदेतही निवडून गेली. पण मला विचाराल तर तिची खरी गोष्ट पहिल्या दोन सिल्व्हरमध्ये आहे. बार्सिलोनाला १६ वर्षांची असताना फायनल हरली, मग कितीतरी वर्षं कोणाला हरली नाही, आणि १९९६ ला अटलांटात सगळे गोल्ड धरूनच बसलेले असताना उत्तर कोरियाच्या क्ये सुन-हुईने तिला फायनलमध्ये हरवलं, आणि ती पोरगी होती १६ वर्षांची! त्यानंतर अजून चार वर्षं घाम गाळला तेव्हा सिडनीला गोल्ड आलं, मग अथेन्सला परत गोल्ड, आणि मूल झाल्यावर २००७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि बीजिंगचं ब्रॉन्झ. मला तर हे शेवटचं ब्रॉन्झ सगळ्यात मोठं वाटतं.

उंचीचं म्हणाल तर ज्युदोत वजनी गट असतात, तुमच्या मुलीला तिच्याच वजनाच्या मुलींशी खेळायचंय. आणि सेओई नागे म्हणून डाव आहे, त्यात समोरच्याच्या खाली शिरून त्याला पाठीवरून फेकतात, बुटक्या खेळाडूला खाली शिरायला फार वाकावंच लागत नाही. आपली मणिपूरची सुशीला देवी ४८ किलोतच टोकियो ऑलिंपिकला गेली आणि २०२२ च्या कॉमनवेल्थला सिल्व्हर घेऊन आली.

सासूबाईंची काळजी मात्र उडवून लावू नका, एकदा त्यांना क्लासला घेऊन जा आणि उकेमी म्हणजे पडण्याची प्रॅक्टिस दाखवा, हनुवटी छातीला टेकवून अख्खा हात मॅटवर फाडकन आपटायचा, म्हणजे डोकं आपटत नाही आणि दणका हातावर पसरतो. सर हे पक्कं करून घेतल्याशिवाय फेकाफेकी करू देत असतील तर क्लास बदला. आणि खालच्या वजनी गटात बसावी म्हणून कोणी पोरीला जेवण कमी करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, वाढीचं वय आहे तिचं.