सासूबाई आणि मुलगा कुठवर चालत जातील?

अनेक उत्तम आशीर्वाद.

डोंबिवलीहून तुझी बदली होणार ही बातमी आधीच कानावर आली होती, त्यामुळे रत्नागिरी म्हटल्यावर आश्चर्य वाटलं नाही. तिन्ही फ्लॅटची माहिती नीट मिळाली. कार्पेट एरिया, मजला, पार्किंग, मेंटेनन्स, स्टेशनपासूनचं अंतर, सगळं रकाने पाडून पाठवलंस. बँकेच्या कर्ज विभागात बसलेली माणसं घरातल्या भाजीचाही तक्ता करतात म्हणा! सर्च रिपोर्ट, एन.ए. म्हणजे बिगरशेती परवानगी, ऑक्युपन्सी म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, हे तू बघशीलच, त्यात मी तुला काय सांगणार? पण ज्यांना तिथे दिवसभर राहायचंय त्या दोघांचा रकानाच तुझ्या तक्त्यात नाही. तू आणि जावईबापू सकाळी कामाला बाहेर पडाल. मागे राहणार सासूबाई, आणि दुपारी शाळेतून परत येणारा दुसरीतला मुलगा. हे दोघं तुझ्या गाडीशिवाय, तुला फोन न लावता, कुठवर जाऊ शकतील? उपनगरातलं घर मी तरी ह्याच एका मापानं मोजते. बाकीचं सगळं पैशानं दुरुस्त होतं.

मुंबईकडच्यांना वाटतं, कोकणात गेलं की सगळं हाकेच्या अंतरावर. तसं ते जुन्या वाड्यांमध्ये असतं, जिथे तीन घरांचं एक अंगण असतं. तू बघतेयस ते वेगळं आहे. रत्नागिरी शहर २०११ च्या जनगणनेत ७६,२२९ वस्तीचं होतं. नगरपरिषदेची हद्द संपली की नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, खेडशी अशा ग्रामपंचायती लागतात, आणि नव्या इमारती तिकडे जास्त. पत्ता रत्नागिरीचा, घरपट्टी ग्रामपंचायतीची. दोन इमारतींच्या मधे अजून सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं माळ आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत, कुणाची तरी आंब्याची कलमं आहेत. दिसायला छान. पण संध्याकाळी सातनंतर त्या मधल्या पट्ट्यातून सासूबाई एकट्या येतील का, हे दिव्याच्या खांबांवर ठरतं, ब्रोशरमधल्या फोटोवर नाही.

आणि एक गोष्ट तुला कुणी बिल्डर सांगणार नाही. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली; साधारण १७ लाखांवरून १६ लाखांच्या आसपास आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे १,१२२ बायका होत्या. म्हणजे पुरुष मुंबईला, घर इथे. मग हे फ्लॅट घेतं कोण? आमच्याकडे कर्जाला येणाऱ्यांत चाकरमानी पुष्कळ असायचे. निवृत्तीनंतर येऊन राहू म्हणून घेऊन ठेवायचं, तोवर मे महिन्यात आणि गणपतीत उघडायचं. त्यांची चूक काहीच नाही, गावाची ओढ असते माणसाला. पण वीस फ्लॅटच्या इमारतीत बारा दारांना कुलूप असेल तर खाली खेळायला मुलं कुठून येणार? सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही, पंप जळला तर वर्गणीसाठी परळ-भांडुपला फोन लावावे लागतात, लिफ्ट बंद पडली की महिना महिना बंद. म्हणून इमारत दिवसा बघू नकोसच. रात्री आठ वाजता समोरच्या रस्त्यावर उभी राहा आणि उजेड असलेल्या खिडक्या मोज. मे महिन्यात मोजशील तर फसशील. तेव्हा सगळीच दारं उघडी असतात, गॅलरीत आंब्याची साटं वाळत असतात, पोरांचा नुसता धुडगूस असतो.

आता तुझे तीन फ्लॅट.

समुद्र दिसतो तो जावईबापूंना आवडलाय, हे तू न सांगताच कळलं. पांढऱ्या समुद्राकडची ती बाजू मला चांगली ठाऊक आहे. वाऱ्याला तोड नाही. पण खारी हवा ग्रिल खाते, फ्रीजचा मागचा पत्रा खाते, एसीचं बाहेरचं युनिट तर आधी खाते. मिऱ्याला समुद्र किनारा कापत आत येतोय आणि त्यासाठी बंधारे घालावे लागताहेत, ते जाऊन डोळ्यांनी बघून ये, मग ठरव. आणि मुख्य म्हणजे जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसात ती गॅलरी उघडता येत नाही. वर्षातले चार महिने बंद राहणाऱ्या दारासाठी तू जास्तीचे लाखो रुपये मोजणार. मी मोजले नसते.

कुवारबावचा फ्लॅट तुझ्या सोयीचा. स्टेशन जवळ, एमआयडीसी जवळ, दुकानं खाली. पण मधून मिऱ्या-नागपूर महामार्ग जातो. तुझी इमारत रस्त्याच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. चौपदरी रस्ता ओलांडायला दुसरीतल्या मुलाला रोज कुणाचा तरी हात लागणार, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालीस. महामार्गाच्या त्याच अंगाला शाळा आणि दवाखाना असेल तर कुवारबाव उत्तम. नसेल तर त्या मुलाचं सगळं बालपण व्हॅनच्या काचेतून जाईल.

नाचण्याचा फ्लॅट तुझ्या तक्त्यात तिसऱ्या नंबरवर, कारण लहान आहे आणि दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. मी तिथे जाऊन आले. आतल्या रस्त्यावर आहे, ट्रक येत नाहीत. कोपऱ्यावर वाण्याचं दुकान, पुढे पिठाची गिरण, गिरणीसमोर एका डॉक्टरांचा जुना दवाखाना, आणि देवळाच्या सभामंडपात दुपारी बायकांचं भजन. सासूबाईंना भजन आवडतं की नाही ते मला माहीत नाही. पण पेटी कुठे वाजतेय ते ऐकत जाता येईल इतक्या अंतरावर ते आहे. दोन मजले चढणं हा मात्र खरा प्रश्न आहे, तो मी लपवत नाही. त्याच गल्लीत तळमजल्याचं काही मिळतं का ते विचार. तळमजल्याला ओल असते, हेही बघावं लागेल.

ओलीवरून आठवलं. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घर पावसातच बघायचं असतं, हे मी प्रत्येक नव्या ऑफिसरला सांगत आले. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत सगळ्या बिल्डरांची सारखीच दिसते. जुलैत जा आणि पश्चिमेच्या भिंतीला तळवा लाव. गच्चीवर पत्र्याची शेड आहे का बघ, ती नसेल तर वरच्या मजल्यावाल्यांचे हाल विचारायला नकोत. कपडे वाळत कुठे घालतात ते बघ. हसू नकोस. चार माणसांचे कपडे अडीच-तीन महिने खोलीतल्या दोरीवर लोंबत राहिले की घरातली माणसं एकमेकांवर चिडायला लागतात. महाडपासून कुडाळपर्यंत जिथे जिथे बदली झाली तिथे हेच पाहिलंय. ज्या इमारतीच्या जिन्यालगत रुंद, छप्पर असलेला पॅसेज आहे, तिथे बायका दोऱ्या बांधतात, आणि दोऱ्या बांधता बांधता ओळखी होतात. पाऊस कोसळला की पोरं खेळतात तीही तिथेच. आर्किटेक्ट त्याला वाया गेलेली जागा म्हणतात.

चिपळूणला बदली झाली असती तर मी आधी पुराचं विचारायला लावलं असतं. तिथली माणसं २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. रत्नागिरीत तो प्रश्न तसा नाही. इथे प्रश्न उलटा: पाऊस एवढा, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. जांभ्या दगडात पाणी थांबत नाही, झिरपतं आणि खाली समुद्राकडे निघून जातं. तेव्हा बिल्डरला पाण्याचं विचारू नकोस, वॉचमनच्या बायकोला विचार. नळाला किती दिवसांआड येतं, विहिरीला मेअखेर किती हात पाणी असतं, टँकरचे पैसे कुणाकडून घेतात. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा लाइट गेली, पंप बंद, टाक्या कोरड्या. ज्या आवारात विहीर आणि रहाट शिल्लक होता तिथे माणसं रांग लावून पाणी शेंदत होती आणि म्हाताऱ्यांच्या बादल्या पोरं वर नेऊन देत होती. ज्या आवारात नुसता बोअर होता तिथे मिनरल वॉटरचे कॅन संपल्यावर प्रत्येकजण आपापल्या गाडीत बसून पाणी शोधायला बाहेर पडला. मला तेव्हापासून रहाट असलेल्या आवाराबद्दल पक्षपात आहे, तो तू वजा करून घे.

शाळेचं तू मोठ्या नावाच्या दोन शाळांमध्ये अडकली आहेस. दोन्ही चांगल्या असतील. तरी दुसरी-तिसरीत शाळा नावानं नको, अंतरानं निवड. ज्या शाळेत मुलगा चालत जातो तिथले मित्र संध्याकाळी दारात येतात. व्हॅनच्या शाळेतले मित्र वाढदिवसाला येतात. पाचवीनंतर शहरातल्या शाळेत घाल हवं तर, तोवर एकट्याला बस पकडता यावी एवढा मोठा तो होईल. जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, त्याचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घेऊन ठेव. सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची केंद्राची नाटकं होतात तेव्हा त्याला घेऊन जा. डोंबिवलीत नाटक म्हणजे तिकीट. इथे स्टेजवर त्याला ओळखीचे काका दिसतील, बहुधा पोस्टातले किंवा औषधाच्या दुकानातले.

माणसांबद्दल थोडं, कारण ह्यात नवे लोक फार घाई करतात. कोकणी माणूस पहिल्या दिवशी गळ्यात पडत नाही. तो आधी विचारणार, मूळ गाव कुठलं? आडनाव विचारणार, मग त्या आडनावाचा त्याच्या ओळखीतला एक माणूस काढणार. तुला वाटेल ही चौकशी आहे. असू दे. उत्तर दे आणि तूही विचार. मासेवालीशी पहिल्याच दिवशी घासाघीस करू नकोस. आठवड्यातून ठरल्या वारी तिच्याकडूनच घेत जा, मग महिन्याभरात ती स्वतःहून सांगेल की आज सुरमई घेऊ नको, बर्फातली आहे. हे सांगणारं एक माणूस मिळालं की समजायचं की मुळं धरायला लागली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा ती वेगळंच काही घेऊन येईल, खाडीचं किंवा सुकं. तेव्हाही घे.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. नव्या कॉम्प्लेक्सांत कुठे ती गेटपर्यंत येते, कुठे दारापर्यंत, कुठे येतच नाही. हे घर घेण्याआधी विचारावं असं कुणाला वाटत नाही, मला वाटतं. पालखी आत येत असेल तर गावाने त्या इमारतीला आपलं मानलंय. मान कुणाचा, आधी खांदा कुणाचा, हे जुनं ठरलेलं असतं, त्यात जावईबापूंनी उत्साहाने पुढे घुसू नये. वर्गणी द्यावी, सासूबाईंनी ओटी भरावी, बोलावलं की खांदा द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलावतात. आणि तुमच्या मजल्यावर राजिवड्याकडचं एखादं कुटुंब असेल तर ईदला शिरखुर्मा येईलच, तेव्हा गणपतीत मोदकांचा डबा पाठवायला विसरू नकोस. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे सासूबाईंना माहीत असेलच.

दवाखान्याची काळजी लिहिली आहेस, ती रास्त आहे. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. तरी मोठ्या तपासण्यांना अजून लोक कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. रोजच्या बीपी-शुगरला मात्र चालत जाता येईल असा डॉक्टर लागतो. तो नाचण्यात आहे, वर लिहिलंच.

म्हणून इतक्यात टोकन देऊ नकोस. बिल्डर म्हणतोय की शेवटचे दोन फ्लॅट उरलेत. ते दिवाळीतही उरलेले असतील. जुलैत चार दिवस सगळे मिळून या. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश धावतात, तेव्हा रात्री उशिरा पोचणारी गाडी नको, दिवसाची घ्या. एक सकाळ तू आणि जावईबापू फ्लॅटमध्येच बसून राहा, आणि सासूबाईंना नातवाचा हात धरून, छत्री आणि पिशवी देऊन कोथिंबीर आणायला पाठव. सोबत जायचं नाही, फोन करायचा नाही. किती वेळाने परत येतात, वाटेत कुणाशी बोलल्या, आल्यावर काय सांगतात, ते ऐक. तिन्ही ठिकाणी असंच कर.

उतरायला माझ्याकडेच या, लॉज बघू नका. ताजे मासे तेव्हा मिळायचे नाहीत, पण टाकळा आणि भारंगीची रानभाजी दारातच उगवलेली असेल, सुकटही आहे. सासूबाईंचं काही पथ्य असेल तर आधी कळव, आणि मुलाला तिखट कितपत चालतं तेही.

तुझी,
जुन्या शाखेतली मॅडम